सही मोजक्याच ठिकाणी मागा, पण खरी मागा

तुमच्या कारखान्यात, दुकानात किंवा संस्थेत नवं सॉफ्टवेअर येऊ घातलंय. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, पगार, सगळं त्यात जाणार. बसवायला आलेला मुलगा एक दिवस विचारतो, "साहेब, सही कुठे कुठे लावायची?"

बहुतेक ठिकाणी याची दोनच उत्तरं मिळतात. एक, "सगळीकडे लावून टाक, नंतर भानगड नको." दुसरं, "आत्ता राहू दे, पुढे बघू."

दोन्ही महागात पडतात. सगळीकडे सही मागितली की माणसं न वाचता सह्या ठोकतात. कुठेच मागितली नाही की गडबड झाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मग चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

म्हणून हा प्रश्न त्या मुलावर सोडू नका. त्याला मशीन कळतं, तुमचा धंदा कळत नाही. नुकसान कुठे होतं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ठरवायचंही तुम्हीच. ते कसं ठरवायचं, ते आता एकेक करून बघू.

आधी सही म्हणजे काय ते समजून घ्या

संगणकावरच्या सहीच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. त्यांची सरमिसळ करू नका.

पहिली म्हणजे कागदावरच्या सहीचा फोटो. तो बिलाच्या खाली चिकटवला की बिल देखणं दिसतं. पण तो कोणीही उचलून कुठेही चिकटवू शकतो. सुरक्षा म्हणून त्याचा उपयोग शून्य.

दुसरी म्हणजे सीएकडे जाताना लागते ती डिजिटल सही, पेन ड्राइव्हसारख्या टोकनमधली. भारतात ती माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली येते. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. ही सही परवानाधारक संस्थाच देतात. आधारवर ओटीपी मागवून करायची ई-सही हीसुद्धा याच कायद्यात बसते. करार, सरकारी फॉर्म, टेंडर अशा बाहेर जाणाऱ्या कागदांसाठी या सह्या वापरा. मृत्युपत्र आणि ट्रस्टचे दस्त मात्र या कायद्यातून वगळले आहेत. ते कागदावरच करा.

तिसरी म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतली सही. तुम्ही एखादी नोंद बदलायला गेलात की एक चौकट उघडते. ती तुमचं नाव दाखवते, कारण विचारते आणि पासवर्ड पुन्हा मागते. तुम्ही तो दिलात तरच बदल होतो. कोणी, कधी, का बदललं हे त्या नोंदीला कायमचं जोडलं जातं.

आज बोलायचंय ते या तिसऱ्या सहीबद्दल. ती बाहेरच्या करारासाठी नाही. घरातल्या घरात जबाबदारी ठरवण्यासाठी आहे.

नुसती नोंद पुरते कुठे, सही लागते कुठे

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. सही नाही म्हणजे काहीच राखण नाही, असं त्यांना वाटतं. तसं नाही.

चांगलं सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद गुपचूप ठेवत असतं. त्याला ऑडिट ट्रेल म्हणतात. आधी काय होतं, नंतर काय झालं, कोणत्या लॉगिनवरून, किती वाजता, हे त्यात सापडतं. तुमची कंपनी नोंदणीकृत असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी ही सोय १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. ती बंद करता येणार नाही अशी असावी, हेही नियमातच आहे.

मग सही कशाला? कारण ऑडिट ट्रेल गप्प असतो. माणूस चुकून बटण दाबतो, तेही तो टिपतो आणि पुढे जातो. सही माणसाला थांबवते. "हे तुम्ही करताय, नक्की ना?" असं विचारते. पासवर्ड टाकताना माणूस "हो, मी करतोय," असं सांगतो.

म्हणून रोजच्या हजार गोष्टींना ऑडिट ट्रेल पुरे. जिथे माणसाने क्षणभर थांबलंच पाहिजे, तिथे सही.

घरात आपण प्रत्येक डब्याला कुलूप लावत नाही. पिठाचा डबा उघडा असतो, दागिन्यांच्या कपाटाला कुलूप असतं. इथेही तेवढंच तारतम्य हवं.

कागद घ्या आणि तीन प्रश्न विचारा

एका दुपारी सगळ्यांना बसवा. स्टोअरवाला, अकाउंटंट, सुपरवायझर, प्रयोगशाळेतली ताई, पगार काढणारा. संगणकवाल्याला ऐकायला बसवा, ठरवायला नको.

प्रत्येक नोंदीबद्दल तीन प्रश्न विचारा.

एक. ही नोंद चुकली तर कोणाच्या तब्येतीला, पैशाला किंवा पगाराला धक्का लागतो का?

दोन. चूक कळेपर्यंत माल किंवा पैसा हातातून निघून जातो का?

तीन. "हे कोणी केलं?" असं सहा महिन्यांनी कोणी विचारेल का? म्हणजे ऑडिटर, इन्स्पेक्टर, गिऱ्हाईक किंवा कामगार.

तिन्हींचं उत्तर "हो" आलं की सही लावा. दोन प्रश्नांचं "हो" आलं तर आपसात बोला. एकाचंच आलं किंवा एकाचंही आलं नाही तर सोडून द्या. तिथे ऑडिट ट्रेल आहेच.

बहुतेक ठिकाणी निघणारी यादी

धंदा कोणताही असो, काही नोंदी या यादीत येतातच.

पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी. हे सगळ्यात वर लिहा. का ते पुढे सांगतो.

कामगाराचा पगाराचा दर आणि त्याचं बँक खातं.

माल बनवण्याचं प्रमाण, म्हणजे कोणत्या वस्तूत काय किती घालायचं त्याचा तक्ता.

तपासणीचे निकाल. आलेल्या मालाची अवस्थाही. "थांबवलेला" माल "मंजूर" झाला की तो उत्पादनाला जातो. तेव्हा हा शब्द बदलणं ही मोठी गोष्ट आहे.

मालाची शेवटची तारीख, म्हणजे एक्सपायरी.

ठरावीक मर्यादेच्या वरची सूट. ठरावीक रकमेच्या वरचा माल खराब म्हणून काढून टाकणं. ही मर्यादा तुमच्या धंद्याच्या आकाराप्रमाणे तुम्ही ठरवा.

कोणाला कोणते अधिकार द्यायचे, ती नोंद.

आणि एक नोंद जवळजवळ सगळे विसरतात. सही कुठे लागते हे ठरवणारी सेटिंग बदलायलाही सही लागली पाहिजे. नाहीतर माणूस आधी सही बंद करतो, पाहिजे ते बदलतो, पुन्हा सही चालू करतो. कोणाला पत्ता लागत नाही.

सही कुठे नको

पत्ता, फोन नंबर, ईमेल. रोजची आवक-जावक. अर्धवट भरलेली ऑर्डर. टायपिंगची दुरुस्ती. यांना सही नको.

का नको, ते संध्याकाळी शिफ्ट बदलताना स्टोअरमध्ये उभं राहून बघा. गेटवर दोन टेम्पो उभे. ड्रायव्हर चलनासाठी तोंड वाजवतोय. प्रत्येक गेटपासला सहीची चौकट उघडतेय. स्टोअरवाल्याचे डोळे टेम्पोकडे, बोटं कीबोर्डवर. तो पासवर्ड टाकतो, एंटर मारतो. पुन्हा पासवर्ड, पुन्हा एंटर. चौकटीत काय लिहिलंय ते तो वाचतच नाही.

अशा वेळी त्याच ढिगात एखादी खरी घातक नोंद आली तर? तीसुद्धा तशीच निघून जाते. वर त्याखाली त्याचं नाव असतं. त्या माणसाची चूक नाही. चूक सह्यांचा पाऊस पाडणाऱ्याची.

यादी झाली की संगणकवाल्याला नेमकं सांगा

"पुरवठादाराच्या नोंदीला सही लाव," असं मोघम सांगू नका. चार गोष्टी सांगा.

कोणती नोंद. उदाहरणार्थ, पुरवठादार.

तिच्यातला कोणता रकाना. खाते क्रमांक, आयएफएससी, जीएसटी क्रमांक. फोन नंबर नको.

कधी. नवीन भरताना, बदलताना की काढून टाकताना? तिन्ही वेगळं सांगावं लागतं. बदलाला सही लावली आणि पुसण्याला विसरलात, तर जुनी नोंद पुसून नवी भरली की काम झालं. खरं तर महत्त्वाच्या नोंदी पुसायची सोयच ठेवू नका. "बंद" असा शेरा मारा आणि राहू द्या.

कोणत्या अटीवर. सूट अमुक टक्क्यांच्या वर गेली तरच. माल "मंजूर" होत असेल तरच. अट नीट घातली की सह्या कमी होतात आणि प्रत्येक सहीला वजन येतं.

मग त्याला एक प्रश्न विचारा: "ही सही पडद्यावरच्या बटणाला लावली आहेस की आतल्या नोंदीला?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बटणाला लावलेली सही त्या एकाच पडद्यावर विचारली जाते. तीच नोंद दुसऱ्या पडद्यावरून बदलता येत असेल, एक्सेलची फाइल चढवून बदलता येत असेल, किंवा मोबाइलवरच्या ॲपमधून बदलता येत असेल, तर तिथे कोणी विचारत नाही. पुढच्या दाराला पहारा आणि मागचं दार सताड उघडं. त्याला सगळे रस्ते मोजायला लावा. तुमच्यासमोर एकेक करून दाखवायला लावा.

एक उदाहरण जवळून बघा

तुमच्या अकाउंटंटला मेल येतो. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने. "आमचं बँक खातं बदललं आहे. इथून पुढचे पैसे नव्या खात्यात भरा." खाली नेहमीचं नाव, नेहमीचा शिक्का. मेलच्या पत्त्यात एकच अक्षर इकडचं तिकडे, ते कोणाच्या लक्षात येत नाही.

सही नसेल तर काय होतं? अकाउंटंट सरळ मनाने खातं बदलतो. आठवड्याने मोठं पेमेंट जातं. महिन्याने खरा पुरवठादार फोन करतो, "पैसे कुठे आहेत?" तोवर पैसे भलत्याच्या खात्यातून निघून गेलेले असतात.

सही असेल तर अकाउंटंट नवा क्रमांक टाकतो आणि नोंद अडकते. दुसऱ्या माणसासमोर चौकट उघडते. त्यात पुरवठादाराचं नाव दिसतं, जुना क्रमांक, नवा क्रमांक, बदलाचं कारण आणि बदल मागणाऱ्याचं नाव. दुसरा माणूस पासवर्ड टाकायच्या आधी फोन उचलतो. मेलमधला नंबर लावत नाही, आपल्याकडचा जुना नंबर लावतो. "तुमचं खातं बदललंय का हो?"

त्या एका फोनने पैसे वाचतात. सहीने फक्त तो फोन करायला माणसाला थांबवलं. तेव्हा यादीत नोंद लिहिताना शेजारी हेही लिहा: सही करण्याआधी काय तपासायचं. ते लिहिलं नाही तर सही नुसता सोपस्कार होते.

सही कोणी करायची

बदलणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. हा नियम पाळा. बँकेत तो वर्षानुवर्षं चालत आलाय.

"आमच्याकडे चारच माणसं आहेत," असं म्हणाल. चालेल. बदल अकाउंटंट करील, मंजुरी तुम्ही द्या. तुम्ही केलेला बदल भागीदार किंवा घरातलं कामात असलेलं माणूस मंजूर करील. मालक म्हणून स्वतःला सूट देऊ नका. मालकाच्या नावाने आलेल्या खोट्या मेलवरूनही पैसे जातात.

रजेचा विचार आधी करा. मंजूर करणारा गणपतीला कोकणात गेला आणि नेटवर्क नाही, तर काम अडतं. मग त्याचा पासवर्ड फोनवर मागितला जातो. तेवढ्यासाठी दुसरा माणूस आधीच नेमून ठेवा. त्याला स्वतःचं लॉगिन द्या.

चौकटीत काय दिसायला हवं

सहीच्या चौकटीत आणि सही झाल्यावर छापील कागदावर तीन गोष्टी असाव्यात. सही करणाऱ्याचं पूर्ण नाव. तारीख आणि वेळ. आणि सहीचा अर्थ: "मी तपासलं", "मी मंजूर केलं" की "मी हे केलं".

हे तीन मुद्दे अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या नियमातले आहेत. तो नियम भाग ११ म्हणून ओळखला जातो. २० ऑगस्ट १९९७ पासून तो लागू आहे. तारापूर, वाळूज किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या ज्या कारखान्यातून औषधं अमेरिकेला जातात, तिथल्या माणसांना तो ठाऊक असतो. त्या प्रशासनाच्या अखत्यारीतला माल तुम्ही बनवत नसाल तर तो तुम्हाला लागू नाही. पण मुद्दे शहाणपणाचे आहेत. उचलायला हरकत नाही.

औषधाचा कारखाना असेल तर आपल्याकडचाही नियम बघा. औषध नियमांतलं शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने आलं आहे. संगणकावर ठेवलेल्या नोंदींचा विचार त्यातही आहे. तुमच्या क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या माणसाला घेऊन बसा आणि यादी त्याच्याशी ताडून बघा.

चौकटीत जुनी आणि नवी माहिती शेजारी शेजारी दिसू द्या. "अमुक बदलून तमुक" हे समोर असलं की चूक डोळ्यात भरते.

कारणांची यादी छोटी ठेवा. पाच-सहा कारणं पुरतात. त्यात "इतर" ठेवलंत तर सगळे तेच निवडतील. ठेवायचंच असेल तर पुढे दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं करा. जमेल तिथे कारणं मराठीत लिहा. ज्याने वाचून सही करायची, त्याला ती वाचता आली पाहिजेत.

वेळ मुख्य सर्व्हरच्या घड्याळाची घ्या. टेबलावरच्या संगणकाचं घड्याळ कोणीही मागे करू शकतो.

पासवर्ड ज्याचा त्याचा

इतकं सगळं केलंत आणि पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलात, तर सगळं पाण्यात.

"स्टोअर", "लॅब", "अकाउंट्स" अशी सामायिक लॉगिन बंद करा. एक माणूस, एक लॉगिन. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने औषध कंपन्यांना पाठवलेल्या इशारापत्रांत हा दोष पुन्हा पुन्हा दिसतो: चार जण एकच पासवर्ड वापरतात, त्यामुळे काम कोणी केलं ते सांगता येत नाही. निर्यात अडते ती अशा साध्या गोष्टीने.

माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा. पण त्याचं नाव पुसू नका. त्याच्या जुन्या सह्या तशाच राहिल्या पाहिजेत. आणि त्याचं लॉगिन नव्या माणसाला देऊ नका. नाहीतर जुन्याची सही नव्याच्या नावावर जाते.

डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच. टोकन सीएच्या ऑफिसातल्या खणात, आणि पिन टोकनच्याच पाठीवर चिकटपट्टीने लावलेला, हे चित्र जागोजागी दिसतं. टोकन तुमचं आहे. ते सांभाळायची जबाबदारी कायद्याने तुमची आहे. काम झालं की परत घ्या.

नोकरी करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी

तुम्ही मालक नसाल, सही करणारे असाल, तर चार शब्द तुम्हालाही.

पासवर्ड वरिष्ठांनाही देऊ नका. "माझ्या नावाने सही झाली, पण मी केली नाही," हे नंतर पटवून देणं फार अवघड जातं.

न वाचता सही करू नका. घाई असेल तर "वाचून करतो" म्हणा. कोणी रागावलं तर रागावू द्या.

मागच्या तारखेची सही कोणी मागितली तर नाही म्हणा. काम आज केलं असेल तर आजची तारीख. उशिरा केलं असेल तर कारणाच्या रकान्यात "उशिरा" असं सरळ लिहा.

दुसऱ्याच्या पासवर्डने सही करू नका, मदत म्हणूनसुद्धा. लबाडीच्या हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही वापरली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मदत करताना हेतू वाईट नसतो, मान्य. पण तो सिद्ध करत बसायची वेळ कशाला आणायची?

चालू करायच्या आधी

सही चालू करायच्या आधी जुन्या नोंदी स्वच्छ करा. पुरवठादारांची यादी छापा. प्रत्येक खाते क्रमांक त्यांच्या रद्द केलेल्या चेकशी ताडून बघा. चुकीच्या माहितीला सहीचं कुलूप लावलंत तर चूकच पक्की होते.

मग सॉफ्टवेअरची चाचणीची प्रत मागा. खऱ्या नोंदींवर प्रयोग नकोत. तिथे मुद्दाम वेडंवाकडं वागून बघा.

चुकीचा पासवर्ड टाका. नोंद बदलली नाही ना?

सहीची चौकट अर्ध्यावर बंद करा. जुनी माहिती जशीच्या तशी राहिली ना?

सहीच्या मधेच इंटरनेट तोडा. वीज जाणं आपल्याकडे नवीन नाही.

स्वतः केलेला बदल स्वतःच मंजूर करून बघा. सॉफ्टवेअरने अडवलं पाहिजे.

एक्सेलची फाइल चढवून तीच नोंद बदलून बघा.

एकाच सहीत पन्नास नोंदी मंजूर होतात का ते बघा. होत असतील तर महत्त्वाच्या नोंदींसाठी ती सोय बंद करा.

सही झालेली नोंद छापा. कागदावर नाव, वेळ आणि अर्थ आला का?

बॅकअपमधून ती नोंद परत आणून बघा. सही सोबत आली का? नोंद आली आणि सही मागे राहिली, तर काही वर्षांनी सॉफ्टवेअर बदलताना तुमच्या सगळ्या सह्या हरवतील. कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. तेवढी वर्षं सह्याही वाचता आल्या पाहिजेत.

जे करून बघितलंत ते वहीत लिहा. तारीख टाका. पुढे कोणी विचारलं तर ती वही दाखवता येईल.

चालू झाल्यावर

"दोन तास सही बंद करा, डेटा चढवायचाय," अशी मागणी कधीतरी येणारच. नाही म्हणता आलं तर उत्तम. नाही म्हणता आलं नाही, तर कोणी बंद केली, कधी, का आणि पुन्हा कधी चालू केली ते लिहून ठेवा. त्या दोन तासांत काय काय बदललं त्याची यादी काढा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

दर सहा महिन्यांनी यादी पुन्हा काढा. प्रत्येक सहीबद्दल एकच विचारा: या सहीने आजवर एकदा तरी चूक थांबवली का? कधीतरी नोंद परत गेली का?

शेकडो वेळा सही झाली आणि एकदाही नोंद परत गेली नाही, तर दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तिथे सहीची गरज नाही. नाहीतर माणसं वाचत नाहीत. त्या माणसाशेजारी अर्धा तास बसा. काय ते कळेल.

उलट, गेल्या सहा महिन्यांत जी चूक महागात पडली, तिथे सही होती का? नसेल तर आता लावा.

नवीन माणूस आला की त्याला यादी वाचून दाखवा. कुठे सही आहे एवढं सांगून थांबू नका. का आहे तेही सांगा. कारण कळलं की माणूस सहीला कंटाळत नाही.

या आठवड्यात एवढं करा

हे सगळं एका दिवसात होणार नाही. होऊही नये. पण सुरुवात या आठवड्यात करा.

एक कोरा कागद घ्या. त्यावर पाचच नोंदी लिहा, ज्या चुकल्या तर तुमची झोप उडेल. पहिली पुरवठादाराच्या बँक खात्याची. बाकी चार तुमच्या तुम्ही लिहा.

प्रत्येकीपुढे लिहा: कोण बदलणार, कोण मंजूर करणार, तो रजेवर असेल तर कोण, आणि सहीआधी काय तपासणार.

तो कागद संगणकवाल्याच्या हातात द्या. "एवढ्याच ठिकाणी लाव," असं सांगा. "आणि मागचा रस्ता उरला नाही, हे मला करून दाखव."

पाच नोंदी नीट झाल्या की सहावीचा विचार करा. सह्या वाढवायची घाई नको. पण या पाच जागी कोणाच्याही नावाने, कोणत्याही घाईत, दुसऱ्याच्या हाताची सही चालवून घेऊ नका. मालकाच्या हाताचीही नाही.